घरातल्या यंत्राला पत्ता कोण देतो?

श्रोतेहो, मी इतिहास शिकवतो. संगणकविद्येशी माझा संबंध म्हणाल तर गुणपत्रके भरण्यापुरता. तरीही आज यंत्रांच्या पत्त्यांविषयी बोलावयाचे ठरवले आहे, आणि त्याला कारण आमच्या महाविद्यालयात घडलेला एक प्रसंग.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. परीक्षेचे अर्ज संगणकावरून भरावयाचे होते आणि तो शेवटचा दिवस होता. आसपासच्या खेड्यांतली मुले सकाळच्या एस.टी.ने आली होती. परतीची गाडी साडेपाचची. आमच्या संगणकाच्या खोलीत वीस यंत्रे; प्रत्येकाच्या माथ्यावर एक चिठ्ठी डकवलेली आणि चिठ्ठीवर एक क्रमांक. तेच क्रमांक एका जाड वहीत उतरवलेले. दुपारी दोन यंत्रे एकाएकी रुसली. एक चालू झाले की दुसरे बंद पडे, दुसरे सुरू झाले की पहिले अडे. अर्धा भरलेला अर्ज मध्येच नाहीसा होई. तासाभराने उलगडा झाला. दुसऱ्या विभागातून एक यंत्र आदल्या दिवशी आणून लावले होते आणि त्याच्या पोटात तिकडच्या कोणीतरी जो क्रमांक भरून ठेवला होता, तोच आमच्या वहीप्रमाणे खिडकीजवळच्या यंत्राचा होता. दोन घरांना एकच घरक्रमांक. टपालवाल्याने पत्र टाकायचं कुठं? तीन मुलींचे अर्ज त्या दिवशी राहिले. विलंबशुल्क भरावे लागले. रक्कम मोठी नव्हती, पण एकीच्या वडिलांना ती भरण्यासाठी दुसऱ्या दिवशीची मजुरी बुडवून तालुक्याला यावे लागले, हे मला अजून आठवते.

पुढे त्या वहीची गरजच उरली नाही. कोणीतरी जाणत्याने राउटर नावाच्या पेटीत एक खूण केली, आणि यंत्रे आपले क्रमांक आपणच मागून घेऊ लागली. आता ही सोय कोणी केली, केव्हा केली, आणि आधी का सुचली नाही, असा प्रश्न इतिहासाच्या माणसाला पडल्यावाचून राहील का?

मुळापासून सांगतो. १९६९ साली अमेरिकेच्या संरक्षणखात्याच्या पैशावर 'आर्पानेट' नावाचे जाळे उभे राहिले. वर्षाअखेर त्यावर चार ठिकाणे होती: लॉस एंजेलिस व सांता बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठे, स्टॅनफर्डची संशोधनसंस्था आणि युटा विद्यापीठ. तेथे पत्त्याचा प्रश्न जवळजवळ नव्हताच. प्रत्येक ठिकाणी कपाटाएवढे एक निरोप्या-यंत्र असे, आणि आपली तार त्याच्या कोणत्या भोकात खोचली आहे यावरून क्रमांक आपोआप ठरे. जागा हाच पत्ता. गावात चार घरे असली म्हणजे पाटलाच्या वाड्यामागचे घर एवढे म्हटले तरी पुरते, तसे.

जाळे वाढले तसे नोंद ठेवणारे माणूस लागले. अशी दोन माणसे या इतिहासात ठळक आहेत. एक एलिझाबेथ फाइनलर; सगळे त्यांना जेक म्हणत. १९७२ पासून १९८९ पर्यंत स्टॅनफर्डच्या संशोधनसंस्थेतील माहितीकेंद्राची धुरा त्यांच्याकडे होती. जाळ्यावर नवे यंत्र आणले की त्यांच्या कचेरीला कळवायचे; मग त्याचे नाव आणि क्रमांक एका यादीत चढायचा, आणि ती यादी सगळ्यांनी उतरवून घ्यायची. दुसरे जॉन पोस्टेल. हा दाढीवाला गृहस्थ क्रमांकांच्या वाटपाचा हिशेब सुरुवातीला चक्क वहीत ठेवी. मे १९७२ च्या एका टिपणात त्याने सुचवले होते की अधिकृत क्रमांक वाटणारा कोणीतरी एक 'झार' असावा, आणि पुढे कंसात शंका काढली होती की तो मीच असावा काय. तेथे प्रश्न यंत्रांचा नव्हता, यंत्रातल्या कामांना द्यावयाच्या क्रमांकांचा होता. पण वृत्ती तीच. १६ ऑक्टोबर १९९८ रोजी तो वारला, तोपर्यंत जगाच्या या खातेवहीचे काम त्याच्याच देखरेखीखाली होते. आपल्या गावच्या तलाठ्याचे दप्तर डोळ्यांपुढे आणा, म्हणजे त्याचे स्थान कळेल.

सप्टेंबर १९८१ मध्ये नव्या पत्त्याचा नमुना ठरला. त्यालाच आपण आज आय.पी. ॲड्रेस म्हणतो. चार आकडे, प्रत्येक ० ते २५५ मधला, मध्ये टिंबे. असे एकंदर ४,२९,४९,६७,२९६ पत्ते होतात. १ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेटने जुनी रीत सोडून ही नवी रीत पत्करली.

आणि इथंच आपली अडचण जन्माला आली. नव्या रीतीत पत्ता भोकावरून ठरेना. शिवाय याच सुमारास विद्यापीठांतून एकाच तारेवर पुष्कळ यंत्रे ओवण्याची पद्धत रूढ झाली. तेव्हा यंत्राचा पत्ता कोणीतरी हाताने, एकेका यंत्रापाशी बसून, त्याच्या तबकडीवर लिहावयाचा. फाइनलरबाईंच्या यादीने किंवा पोस्टेलच्या वहीने हा प्रश्न सुटणारा नव्हता. त्यांनी संस्थेला क्रमांकांचे शिवार मोजून दिले; शिवारातले वाफे पाडणे ज्याचे त्याने करावयाचे. आमची जाड वही ही त्याच परंपरेतली.

प्रश्नाला पहिले तोंड फुटले ते गरिबीतून म्हणाना. स्टॅनफर्ड विद्यापीठात तबकडी नसलेली यंत्रे होती. तबकडी महाग, म्हणून ती एका मोठ्या यंत्रातच ठेवायची. पण ज्याला तबकडी नाही त्याला स्मरण नाही. वीज आली की ते जागे होई, आणि आपला पत्ता काय हेच त्याला ठाऊक नसे. त्याला एकच गोष्ट ठाऊक असे: तारेच्या जोडणीच्या पट्टीवर कारखान्यात कोरलेला ४८ बिटांचा क्रमांक, म्हणजे त्याची जन्मखूण. जून १९८४ मध्ये स्टॅनफर्डच्या चौघांनी युक्ती लिहून काढली: यंत्राने जन्मखूण ओरडून सांगावी, आणि तारेवरच्या एखाद्या जाणत्या यंत्राने तक्ता पाहून "तुझा पत्ता अमुक" असे उत्तर द्यावे. युक्ती चांगली, पण तोकडी होती. आवाज त्या एका तारेपुरताच जाई. शिवाय पत्त्याखेरीज बाकी काही कळत नसे. वेशीबाहेर जाण्याची वाट कोणती, हेसुद्धा नाही.

सप्टेंबर १९८५ मध्ये स्टॅनफर्डचे बिल क्रॉफ्ट आणि सन कंपनीचे जॉन गिलमोर यांनी तिची सुधारलेली आवृत्ती काढली. तिला 'बूट-पी' म्हणत. आता हाक मध्यस्थाकरवी दुसऱ्या इमारतीतल्या यंत्रापर्यंत पोचू लागली, आणि उत्तरात पत्त्याबरोबर बाहेरची वाट आणि सुरू होताना कोणती फाइल आणावयाची तेही कळू लागले. पण श्रोतेहो, तक्ता होताच. या जन्मखुणेला हा पत्ता, त्या जन्मखुणेला तो, हे सगळे माणसाने आधी लिहून ठेवावयाचे. वही यंत्रात गेली, एवढाच काय तो फरक. यंत्र निकामी झाले, जोडणीची पट्टी बदलली, की तक्ता खोटा.

नवे यंत्र वर्षातून एखादे येत होते तोवर हे चालले. पण हळूहळू काखेत मारून नेण्याजोगे संगणक आले. माणूस सकाळी एका इमारतीत, दुपारी दुसऱ्या गावात. येणारा निदान पत्ता मागतो. जाणारा मात्र सांगून जात नाही. कोणी झाकण मिटतो, कोणाची वीज जाते, कोणी नुसती तार उपटतो. दिलेला पत्ता परत कसा मिळावयाचा? तक्त्यावर नाव तसेच राहते, आणि गाव सोडून गेलेल्याच्या नावचे घर कुलूपबंद पडून राहते.

या प्रश्नावर १९८९ पासून एक मंडळ विचार करीत होते. त्याचे प्रमुख राल्फ ड्रोम्स. पेनसिल्व्हेनियातल्या लुइसबर्ग गावी बकनेल नावाचे विद्यापीठ आहे, तिथे ते संगणकशास्त्र शिकवीत. ऑक्टोबर १९९३ मध्ये त्यांच्या नावाने नव्या रीतीचे टिपण प्रसिद्ध झाले. छापताना काही चुका राहिल्या म्हणून त्याच महिन्यात ते दुसऱ्या क्रमांकाने पुन्हा काढावे लागले. (मुद्रणदोष आम्हां मराठी लेखकांनाच भोगावे लागतात असे नाही!) सुधारलेली आवृत्ती मार्च १९९७ ची, पुढे बारीकसारीक भर पडली तरी आजचा पाया तोच. या रीतीचे नाव डी.एच.सी.पी.

तिच्यात बूट-पीचा साचा तसाच ठेवला होता. जुने मध्यस्थ मोडून टाकावे लागू नयेत, हा हेतू. मग नवे काय? माझ्या मते नवा शब्द एकच: मुदत. पत्ता द्यावयाचा, पण मालकीने नव्हे, खंडाने. अमुक तासांसाठी, अमुक दिवसांसाठी. मुदत अर्धी सरली की यंत्राने धन्याकडे जाऊन ती वाढवून घ्यावी. धनी सापडला नाही तर साडेसत्याऐंशी टक्के मुदत सरल्यावर जो कोणी असेल त्याला हाक मारावी. तरीही उत्तर नाही आणि मुदत संपली, तर पत्ता टाकावा. म्हणजे जाणाऱ्याने काही सांगण्याची गरज उरली नाही. त्याचे गप्प राहणे हाच त्याचा निरोप. त्या वेळच्या मुंबई राज्यात १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी खंडकरी कुळे कायद्याने जमिनीची मालक झाली. इथे तसं नाही हो. इथे कूळ किती वर्षे नांदले तरी कूळच, आणि तसे आहे म्हणूनच येणाऱ्याला जागा मिळते.

पत्ता मिळण्याचा प्रकार ऐकण्याजोगा आहे. नव्या यंत्राला स्वतःचा पत्ता नाही आणि विचारावयाचे कोणाला तेही ठाऊक नाही. तेव्हा ते प्रेषकाच्या जागी चार शून्ये लिहिते, म्हणजे 'मी अजून कोणी नाही'. आणि प्राप्तकर्त्याच्या जागी चार वेळा २५५, म्हणजे 'जे कोणी ऐकत असतील ते'. आता मी आपल्याशी बोलतो आहे तसेच की हे! कोण ऐकते आहे मला दिसत नाही. मी सगळ्यांना उद्देशून बोलतो. ही पहिली हाक, 'डिस्कव्हर'. पत्ते वाटणारे यंत्र म्हणते, हा घे, एवढ्या मुदतीने, ती 'ऑफर'. मग आपले यंत्र पुन्हा चारचौघांत मोठ्याने सांगते की मी अमक्याचा पत्ता घेतो, ती 'रिक्वेस्ट'. मोठ्याने अशासाठी की दुसऱ्या कोणी देऊ केला असेल तर त्याने तो माघारी घ्यावा. शेवटी वाटणारा होकार भरतो, आणि व्यवहार पुरा होतो. बहुधा डोळ्याचे पाते लवेपर्यंत सगळे आटोपते.

हे झाले संस्थांचे. घरात ही सोय कशी आली, ती वेगळीच वाट आहे. पत्ते चारशे कोटींवर असले तरी जगाला पुरणार नाहीत हे १९९० नंतर स्पष्ट दिसू लागले. मार्च १९९४ च्या एका टिपणात सुचवले गेले की क्रमांकांचे काही पट्टे गावठाणासारखे सर्वांना मोकळे ठेवावेत. ज्याने त्याने ते आपल्या कुंपणाआत वापरावेत, वेशीबाहेर त्यांना किंमत नाही. १० ने सुरू होणारा पट्टा त्यांतलाच, आणि तो तर खुद्द आर्पानेटचा होता. १९९० मध्ये आर्पानेट बंद झाल्याने मोकळा पडलेला. दुसरा लहान पट्टा १९२.१६८ ने सुरू होणारा, त्यात ६५,५३६ पत्ते. सर्वांना हे रुचले असे नाही. जुलै १९९४ मध्येच चौघा जाणकारांनी विरोधाचे टिपण काढले. एकच क्रमांक हजार ठिकाणी असला तर जगात एक पत्ता एकाचाच हा मूळ करार मोडतो, असे त्यांचे म्हणणे. मला ते तत्त्व म्हणून आजही बरोबर वाटते. पण टंचाईपुढे तत्त्व टिकले नाही. फेब्रुवारी १९९६ मध्ये पट्टे कायम झाले. मे १९९४ मध्ये आणखी एक युक्ती आली होती: वेशीवरच्या पेटीने आतल्यांची पत्रे आपल्याकडच्या बाहेरच्या पत्त्यांनी पाठवावीत आणि उत्तरे आली की ज्याची त्याला वाटावीत.

मोफत पट्टा, वेशीवरची पेटी आणि मुदतीचा पत्ता, अशा तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तेव्हा घरातले जाळे शक्य झाले. विंडोज ९५ मध्ये पत्ता मागणारा भाग होताच. जुलै १९९९ मध्ये ॲपल कंपनीने एअरपोर्ट नावाची बिनतारी पेटी काढली. तिच्यात पत्ते वाटण्याची सोय होती. त्याच वर्षीच्या विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत घरातला एक संगणकच वेशीवर बसून इतरांना १९२.१६८.० च्या पट्ट्यातले पत्ते देऊ लागला. ॲपलने त्याआधी, १९८५ मध्ये, ॲपलटॉक नावाची आणखी साधी रीत काढली होती. तिच्यात वाटणारा कोणी नाहीच. यंत्राने मनाने एक क्रमांक घ्यावा आणि 'हा कोणाचा आहे का?' म्हणून विचारावे. कोणी बोलले नाही तर तो आपला. हीच कल्पना पुढे विंडोज ९८ मध्ये आली. म्हणून आपल्या यंत्रावर कधी १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर ओळखावे की त्याने हाक मारली आणि कोणी ओ दिली नाही. हे निदान शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी जरूर लक्षात ठेवावे. निम्मा दोष तिथेच सापडतो. तार किंवा पेटी तपासायची, यंत्र नव्हे.

आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबई आणि इतर मोठ्या शहरांतून जनतेसाठी इंटरनेट सुरू केले. तेव्हा घरात एकच संगणक आणि एकच टेलिफोन. फोन लागला की पलीकडून पत्ता मिळे, फोन ठेवला की तो परत जाई. दोन-चार यंत्रे एकदम जोडण्याचा प्रश्न ब्रॉडबँडच्या पेट्या आल्यावर, म्हणजे २००४ च्या ब्रॉडबँड धोरणानंतर, हळूहळू आला. तोवर पत्ते वाटण्याची सोय पेटीत घालूनच येऊ लागली होती. त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांना वही ठाऊकच झाली नाही. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जगाच्या कोठारातले जुन्या नमुन्याचे शेवटचे पट्टे वाटून झाले, तेव्हा आपल्या घरी कोणाला त्याचा पत्ताही लागला नाही.

आता पुन्हा आमच्या महाविद्यालयात या. वही गेल्यानंतर दोन वर्षांनी एका सकाळी निम्मी यंत्रे बाहेरच्या जगाशी बोलेनात. पत्ते होते, पण १९२.१६८.१ ऐवजी १९२.१६८.० ने सुरू होणारे. शोध घेतला तेव्हा समजले की एका प्राध्यापकमित्राने स्टाफरूममध्ये वाय-फाय नीट येत नाही म्हणून घरची जुनी पेटी आणून तार खोचली होती. हेतू चांगला. पण त्या पेटीतही पत्ते वाटणारा बसलेला होता, आणि हाक ऐकली की तोही ओ देत होता. यंत्र उत्तर देणाऱ्याला ओळख विचारत नाही. जो आधी बोलेल त्याच्यावर ते विश्वास टाकते. ही रीत पुरेशी सुरक्षित नाही, असे १९९७ च्या टिपणातच मोकळेपणी कबूल केलेले आहे. ओळख पटवण्याची एक पद्धत २००१ मध्ये लिहिली गेली, पण ती फारशी रुजली नाही. मोठ्या कचेऱ्यांतून आता तारा जोडणाऱ्या पेट्यांनाच सांगून ठेवतात की पत्ते वाटणारा फक्त अमुक भोकातून बोलेल, इतरांचे ऐकू नये. आमच्यासारख्यांकडे तसल्या पेट्या कुठल्या?

म्हणून जे केले ते सांगतो. घरी किंवा शाळेत कोणाला करावयाचे असेल तर उपयोगी पडेल. मुख्य पेटी १९२.१६८.१.१. तिच्यात वाटावयाचे पत्ते १०० पासून १९९ पर्यंत ठेवले. खालचे हाताने द्यावयास मोकळे. छपाईयंत्राची जन्मखूण नोंदवून त्याच्यासाठी एक पत्ता राखून ठेवला, म्हणजे ते रोज त्याच जागी सापडते. मुदत चोवीस तासांची. ती आधी आठ दिवसांची होती, आणि तीही एक खोड निघाली: ज्या दिवशी प्रवेशासाठी गर्दी होई त्या दिवशी पालकांच्या मोबाइलांनी पत्ते घेतले की ती मंडळी घरी गेल्यावरही आठवडाभर ते अडकून राहत, आणि दुसऱ्या दिवशी आलेल्यांना एकही मिळत नसे. शंभर पत्ते आणि आठ दिवस हा हिशेब बाजारच्या गावी जमत नाही. स्टाफरूममधल्या पेटीतला वाटणारा बंद केला, तार 'वॅन' लिहिलेल्या भोकात नसून 'लॅन'च्या भोकातच आहे ना ते पाहिले, आणि त्या पेटीला १९२.१६८.१.२ हा पत्ता हाताने दिला. तो विसरला जाऊ नये म्हणून पेटीच्या पाठीवर चिठ्ठी डकवली आहे.